ग्लूटेन-फ्री पिझ्झा: पळी कुठे बुडते ते विचारा

पत्र: माझी मुलगी बारा वर्षांची आहे. गेल्या वर्षी रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून बायोप्सी झाली आणि सिलिअ‍ॅक, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार, असल्याचं निघालं. घरचं जेवण आता बसलंय. भाकरी, भात, घावन, नाचणी, सगळं खाते. अडतं ते पिझ्झ्यापाशी. घोडबंदर रोडवरच्या एका ठिकाणी मेनूकार्डावर ‘ग्लूटेन-फ्री बेस’ लिहिलंय, त्याचे जास्तीचे पैसेही घेतात. दोनदा खाल्ला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा तीच ऑर्डर, पण रात्रभर पोट दुखलं, उलटी झाली. शिवाय चव पुठ्ठ्यासारखी. मिस्टर म्हणतात, पिझ्झ्याचं नावच काढू नका. सासूबाई म्हणतात, एखाद्या वेळी खाल्लं तर काय होतंय. नेरुळला बहीण राहते, तिकडेही असे फलक दिसतात. ठाण्यात आणि नवी मुंबईत भरवशाची ठिकाणं कुठली ते सांगा. पुढच्या महिन्यात मैत्रिणीचा वाढदिवस हिरानंदानी इस्टेटमधल्या एका पिझ्झा रेस्टॉरंटमध्ये आहे, तिथे काय करू? – एक आई, कोलशेत

ताई,

यादी देत नाही, आणि त्यात हात आखडता घेण्याचा भाग नाही. बेस पुरवणारा बदलतो, ज्याला शिकवलेलं असतं तो आचारी दुसरीकडे जातो, रविवारी संध्याकाळी दोन नवी मुलं कामावर येतात. आज छापलेलं नाव तीन महिन्यांनी तुमच्या मुलीच्या पोटाला त्रास देऊ शकतं. जागा पारखायची कशी ते सांगतो. ते एकदा हातात आलं की घोडबंदर असो, वाशीचं सेक्टर १७ असो की सीवूड्स, फोनवरच्या पाच मिनिटांत कळतं.

आधी सासूबाईंचं. सिलिअ‍ॅकमध्ये ‘एखाद्या वेळी’ चालत नाही. पोट दुखलं नाही म्हणजे आतड्याला काही झालं नाही, असंही नसतं. किती चालतं याचा साधारण अंदाज आहे. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन सहसा बाधत नाही असं मानतात. रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने पोटात गेलं तर आतड्याच्या अस्तराचं नुकसान दिसतं, हे इटलीतल्या २००७ च्या अभ्यासात आढळलं. आता हिशेब बघा. मैद्यात ढोबळमानाने दहा टक्के ग्लूटेन धरलं, तर १० मिलिग्रॅम ग्लूटेन १०० मिलिग्रॅम मैद्यात येतं. चहाचा चमचा सपाट भरला तर त्यात अडीच ग्रॅम मैदा बसतो, त्याचा पंचविसावा भाग. आचाऱ्याच्या एप्रनवर याहून जास्त असतो.

आणि बेसचा हिशेब? पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. दीडशे ग्रॅमचा बेस अगदी त्या काठावरचा निघाला तरी त्यातून जातात ३ मिलिग्रॅम. म्हणजे बंद पाकिटातून आलेला चांगला बेस हा या सगळ्यातला सर्वांत निर्धोक भाग आहे. गडबड होते पाकीट फोडल्यानंतर, स्वयंपाकघरात.

तुमच्या मुलीला एकदा झालं आणि एकदा नाही, याचं उत्तर बहुधा तिथेच आहे. नुसत्या पोटदुखीवरून ग्लूटेनवर शिक्का मारता येत नाही, दुसरं काही खाण्यातलंही असू शकतं. पण मैद्याचा संसर्ग प्रत्येक ताटात सारखा होत नसतो. एका दिवशी तुमचा पिझ्झा दुपारी बाराला पहिला लागला असेल, दुसऱ्या दिवशी चाळिसावा. २०१९ मध्ये अमेरिकेत एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. रेस्टॉरंटमध्ये ग्लूटेन-फ्री म्हणून मिळालेले पदार्थ ग्राहकांनी खिशातल्या यंत्राने तपासले होते, त्या पाच हजारांहून जास्त नोंदी. एकूण ३२ टक्के पदार्थांत ग्लूटेन सापडलं, पिझ्झ्यात ५३ टक्क्यांच्या वर. ते यंत्र किलोमागे २० मिलिग्रॅमच्या खालचा अंशही पकडतं आणि लोक संशय आला की जास्त तपासतात, म्हणून आकडा जसाच्या तसा धरू नका. पण पिझ्झाच सगळ्यांत वर का, हे पिझ्झ्याच्या कट्ट्याशी पाच मिनिटं उभं राहिलं की दिसतं.

आचारी मैद्याचा गोळा पीठ भुरभुरून पसरतो. सॉसच्या भांड्यातून पळीभर सॉस काढतो, मधोमध ओततो आणि पळीच्या बुडाने गोल गोल फिरवत कडेपर्यंत नेतो. पळीचं बूड कच्च्या, पीठ लागलेल्या मैद्यावर घासलं जातं. मग तीच पळी पुन्हा भांड्यात. दिवसभरात शंभर वेळा. चीजच्या डब्यात जाणारा हातही तोच, सिमला मिरचीच्या डब्यात जाणाराही तोच. मग कुणीतरी हाक मारतो, ‘एक ग्लूटेन-फ्री’, आणि बंद पाकिटातला निर्मळ बेस त्याच भांड्यातल्या सॉसने माखला जातो. हातमोजे बदलले तरी उपयोग नाही, भांडं तेच आहे.

म्हणून फोनवर ‘तुमच्याकडे ग्लूटेन-फ्री पिझ्झा आहे का?’ असं विचारूच नका. ‘हो मॅडम, आहे ना,’ एवढंच ऐकू येईल. ज्याचं उत्तर नुसत्या हो-नाहीत देता येत नाही असं विचारा, आणि फोन घेणाऱ्याला नव्हे, शेफला किंवा किचन सांभाळणाऱ्याला. दुपारी साडेतीन-चारला फोन करा, त्या वेळी गर्दी नसते आणि माणूस बोलतो. बेस कुठून येतो, पाकिटावर काय लिहिलंय, फोटो पाठवाल का? बेस इथेच बनवत असाल तर पीठ कुठलं आणि मळता कशात? सॉस आणि चीज नव्या पाकिटातून, वेगळ्या चमच्याने घेता येईल का? पसरताना किंवा ओव्हनमध्ये सरकवताना खाली काय भुरभुरता? बेस जाळीवर ठेवता की बंद बुडाच्या ट्रेमध्ये? कापता कशाने?

शेवटून तिसरा प्रश्न बहुतेक लोक विचारत नाहीत आणि तोच सर्वांत बोलका आहे. लाकडाच्या किंवा दगडी ओव्हनच्या ठिकाणी पिझ्झा लांब दांड्याच्या फळीवरून आत सरकतो. तो चिकटू नये म्हणून फळीवर मैदा किंवा बारीक रवा टाकतात. रवा गव्हाचाच. आचाऱ्याच्या डोक्यात तो ‘पीठ’ म्हणून नसतोच, त्यामुळे ‘आम्ही मैदा अजिबात वापरत नाही मॅडम’ हे तो अगदी मनापासून सांगतो. समोरचा जर ‘तांदळाचं पीठ टाकतो, आणि फळी वेगळी आहे’ असं आपणहून म्हणाला, तर समजा की इथे कुणीतरी याचा विचार केलाय. ‘सिलिअ‍ॅक आहे का? मग आम्ही नको म्हणू, आमचं किचन एकच आहे,’ असं कुणी म्हणालं तर त्याचे आभार माना आणि नंबर जपून ठेवा. असा माणूस पुढे कधी ‘आता जमेल’ म्हणाला तर ते खरं असेल.

ओव्हनबद्दल थोडं सविस्तर. साखळी दुकानांत सरकत्या पट्ट्याचा ओव्हन असतो. पिझ्झा जाळीवर ठेवतात, वरून-खालून गरम हवेचे झोत येतात. आधीच्या पिझ्झ्यांचे कण आत उडत असतात आणि जाळीच्या भोकांत जळकं पीठ अडकलेलं असतं. भाजल्याने ग्लूटेन जातं हा गैरसमज पक्का बसलेला आहे. पिझ्झ्याच्या ओव्हनमधल्या उष्णतेने ते नाहीसं होईल असा भरवसा धरता येत नाही. खणांचा साधा ओव्हन त्यातल्या त्यात बरा, कारण तिथे बंद बुडाच्या ट्रेमध्ये, वरच्या खणात, एकटा पिझ्झा भाजता येतो. दगडी भट्टीत दगडावर थेट ठेवला तर बाकी सगळी काळजी वाया. तिथेही धातूच्या ताटलीत ठेवा म्हणायचं.

कापायचं चाक राहिलं. प्रत्येक मैद्याच्या पिझ्झ्यातून ते फिरलेलं असतं आणि मधल्या खिळ्यापाशी कधीच नीट धुतलं जात नाही. ‘कापू नका, अख्खा द्या’ म्हणा. घरून कात्री न्या. हसतील, हसू द्या.

टॉपिंगमध्ये भाज्या, साधं पनीर, मका, ऑलिव्ह सहसा त्रास देत नाहीत. मॅरिनेट केलेलं काहीही आलं की थांबा. तंदुरी पनीर-चिकनच्या मसाल्यात सोया सॉस असू शकतो, आणि नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. हिंगही बघा. बाजारातला बराचसा बांधानी हिंग गव्हाच्या पिठात कालवलेला असतो. व्हाइट सॉस मैद्यावरच उभा असतो. सॉसेज, सलामीत पिठाचा बांध असू शकतो. सोया चाप किंवा शाकाहारी ‘चिकन’ म्हणून जे मिळतं त्यात ग्लूटेन हाच मुख्य घटक असू शकतो, ते तर सोडाच. टेबलावरच्या मसाल्याच्या पुड्यांवर घटक छापलेले असतात, वाचूनच टाका. फ्रेंच फ्राइज? ब्रेडक्रम्ब लावलेलं काही त्याच तेलात तळत असतील तर नाही. चीज, टोमॅटो सॉस, कांदा, सिमला मिरची, मका. पहिल्या दोन-तीन खेपा एवढ्यावर थांबा.

आता फलकांचा घोळ, कारण नेरुळला तुम्ही जे पाहिलेत त्यातले किती खरे असतील याची शंका आहे. ‘नाचणी पिझ्झा’, ‘मल्टिग्रेन बेस’, ‘मैदा-फ्री’, ‘सावरडो’, ‘खपली गव्हाचा बेस’ या पाटीखाली ग्लूटेन-फ्री असं कुणी म्हणत नाही, पण ऐकणारा तसं धरून चालतो. बेकरीतल्या नाचणीच्या बेसमध्ये नाचणी रंगापुरती आणि मैदा पोटभर, असं सर्रास असतं. नुसत्या नाचणीचा गोळा फुगत नाही, म्हणून घालतात. खपली हा गहूच आहे, पचायला हलका म्हणून त्याचं कितीही कौतुक झालं तरी. सावरडोमध्ये आंबवल्याने ग्लूटेन थोडं तुटतं, पण सिलिअ‍ॅकवाल्याला पुरेल इतकं नाही. फुलकोबीच्या बेसला बांधायला काय घातलंय ते विचारा: अंडं आणि मक्याचं स्टार्च असेल तर ठीक, मैदा असेल तर नाही. उलट कुट्टू, राजगिरा, शिंगाडा, वरई, साबुदाणा यांत ग्लूटेन नसतं. श्रावणात-नवरात्रात कुठे उपवासाचा पिझ्झा निघाला तर बेसचं पीठ चालण्याजोगं असू शकतं, भट्टीचा प्रश्न मात्र तोच राहतो. जैन पिझ्झ्याचा याच्याशी संबंध नाही. त्यात कांदा-लसूण नसतो, मैदा असतो.

मेनूवरच्या ‘ग्लूटेन-फ्री’ या शब्दामागे काय आहे ते मोठ्या साखळ्यांत थोडं तपासता येतं. दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं असणाऱ्यांनी पदार्थांतल्या अ‍ॅलर्जी करणाऱ्या घटकांची माहिती ग्राहकाला देणं एफएसएसएआयच्या नियमांत आहे. ती मागा. गहू, बार्ली, ओट्सच्या रकान्यात खूण आहे का ते कळेल. पण तो तक्ता घटकांचा असतो, पळीचा नसतो. अमेरिकेत डॉमिनोजने २०१२ मध्ये ग्लूटेन-फ्री बेस आणला तेव्हा स्वतःच जाहीर केलं होतं की किचनमध्ये मैदा असल्यामुळे सिलिअ‍ॅकच्या रुग्णांनी हा खाऊ नये. इतका स्पष्ट इशारा आपल्याकडच्या मेनूकार्डावर क्वचित दिसतो.

अ‍ॅपवरून मागवणं तुमच्यासाठी बाद. ‘ग्लूटेन-फ्री’ अशी खूण दिसली तरी ती त्या दुकानाचं म्हणणं असतं, आणि सूचनेच्या चौकटीत लिहिलेलं किचनमध्ये कोण वाचतं यावर तुमचा काही ताबा नाही. दुसरं कारण चवीचं, आणि तुमच्या ‘पुठ्ठ्या’चं उत्तरही तेच. या बेसमध्ये तांदळाचं, मक्याचं किंवा टॅपिओकाचं स्टार्च भरपूर असतं. गरम असताना ते मऊ असतं, गार होताना पुन्हा घट्ट बसतं. मैद्यातली लवचीक जाळी इथे नसते, त्यामुळे बेस वाकत नाही, मोडतो. पातलीपाड्यातल्या दुकानातून कोलशेतला येईपर्यंत वीस मिनिटं गेली, की वाफेने वरून ओला आणि आतून कडक. हा पिझ्झा ओव्हनमधून निघाल्यावर दहा मिनिटांत खाण्याचाच पदार्थ आहे. टेबलावर बसून खा.

चवीसाठी आणखी दोन-तीन गोष्टी मागून घ्या. बेस आधी रिकामाच तीन-चार मिनिटं भाजायला सांगा, मग सॉस. सॉस नेहमीच्या निम्मा. ताजे टोमॅटो, कच्चे मशरूम अशा पाणी सोडणाऱ्या गोष्टी कमी. जाड फुगीर कडा असलेला, नापोली पद्धतीचा ग्लूटेन-फ्री पिझ्झा दिसायला मोहक असला तरी ते काम कठीण आहे: ती भट्टी ४३० ते ४८० अंशांवर मैद्याचा पिझ्झा दीड मिनिटात काढते, आणि जास्त पाणी धरून ठेवणारा ग्लूटेन-फ्री गोळा त्या आचेत वरून करपतो, मधे चिकट राहतो. आठ-नऊ इंची, पातळ, २२० ते २५० अंशांवर सावकाश भाजलेला घ्या. ज्वारीचा बेस मिळाला तर आम्ही तोच निवडू. भाकरीची जीभ असलेल्या घरात तो लवकर रुळतो. बदामाच्या पिठाचे ‘कीटो’ बेस महाग, जड आणि तेलकट लागतात, मुलांना क्वचितच आवडतात.

एक बारीक गोष्ट. इटालियन पद्धतीची चांगली ठिकाणं काही वेळा आयात केलेलं पीठ वापरतात, उदाहरणार्थ कापुतो कंपनीचं फिओरेग्लुट. त्यात ग्लूटेन काढून टाकलेलं गव्हाचं स्टार्च असतं. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आतलं असेल तर सिलिअ‍ॅकला ते चालतं, म्हणून पाकिटावर ‘गव्हाचं स्टार्च’ वाचून दचकू नका. ज्यांना गव्हाचीच अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मात्र ते खाऊ नये.

वेळ कुठली? मधल्या वारी, दुकान उघडल्या उघडल्या, पहिली ऑर्डर तुमची. कट्टा पुसलेला असतो, डबे नुकते भरलेले असतात, पीठ अजून उडायला लागलेलं नसतं. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. मॉलच्या फूड कोर्टमधला चार फुटी काउंटरही टाळा, तिथे वेगळी जागा करायला जागाच नसते. टेबलसेवा असलेलं, स्वतःचं नीट किचन असलेलं ठिकाण बघा. ठाण्यात हिरानंदानी इस्टेट, घोडबंदर, कोलशेतच्या पट्ट्यात आणि नवी मुंबईत पाम बीच रोड, सीवूड्स, बेलापूरकडे अशी रेस्टॉरंट सापडतात. सरसकट वीस ठिकाणी जाण्यापेक्षा प्रश्नांतून तावून निघालेली दोनच धरा आणि तिथेच जात राहा. ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी आचारी ट्रे पुसून घेतो.

किचनपर्यंत निरोप पोचवायला वेटरवर अवलंबून राहू नका. आपल्याकडच्या पिझ्झा किचनमध्ये बहुतेक वेळा हिंदी चालते, तेव्हा एक जाड कार्ड हिंदीत लिहून पर्समध्ये ठेवा आणि ते आत पाठवा:

‘मेरी बेटी को बीमारी है। गेहूँ का आटा, मैदा, सूजी, जौ – एक चुटकी भी उसे बीमार कर देती है। कृपया हाथ धोकर नए दस्ताने पहनें। सॉस और चीज़ नए पैकेट से, साफ़ चम्मच से लें। साफ़ बंद ट्रे में सेंकें, नीचे आटा या सूजी न डालें। पिज़्ज़ा काटें नहीं। अगर यह नहीं हो सकता तो बता दीजिए, हम बुरा नहीं मानेंगे।’

शेवटचं वाक्य गाळू नका. नाही म्हणायची मुभा दिली की खरं उत्तर मिळतं. ‘डाएट’ हा शब्द तोंडातून काढू नका. डाएटवाल्याला थोडं चालतं हे किचनला ठाऊक असतं.

आता वाढदिवस. त्या दिवशी पंचवीस मुलं, वीस पिझ्झे, किचनची पळापळ. अशा वेळी तिथल्या बेसवर विसंबू नका, मग ते ठिकाण एरवी कितीही चांगलं असो. बेस, सॉस, चीज घरून न्या आणि त्यांना फक्त गरम करून द्यायला सांगा. यासाठी चार दिवस आधी मैत्रिणीच्या आईला सांगून मॅनेजरशी बोला. बाहेरचं खाणं चालत नाही असा नियम दाखवतील. आजाराचं कारण आणि कार्ड दाखवलं की पुष्कळ जण मानतात, काही नाही मानत.

नऊ इंची दोन बेससाठी: तांदळाचं पीठ १२० ग्रॅम, ज्वारीचं ६० ग्रॅम, टॅपिओका किंवा मक्याचं स्टार्च ६० ग्रॅम, साधा बिनचवीचा इसबगोल १२ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, साखर ८ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, तेल एक मोठा चमचा, कोमट पाणी २५० मिलिलिटर. इसबगोल आधी पाण्यात फेटून दहा मिनिटं ठेवा, त्याची दाट जेली झाली पाहिजे. ग्लूटेनच्या जाळीचं काम तीच करते. मग बाकी सगळं घालून पाच मिनिटं मळा. गोळा भाकरीच्या पिठापेक्षा ओला आणि चिकट वाटेल, पीठ वाढवू नका. ओल्या हाताने बटर पेपरवर सहा मिलिमीटर जाडीचे थापा, झाकून पाऊण ते एक तास फुगू द्या. २२० अंशांवर दहा-बारा मिनिटं, वर रंग येण्याआधी काढा. जाळीवर पूर्ण गार करा, मग गुंडाळून फ्रीझरमध्ये. महिनाभर टिकतात.

थापताना कडा चिरल्या तर इसबगोल कमी पडलाय किंवा तो भिजू दिलेला नाही. मधे चिकट राहिला तर जाडी जास्त झाली, किंवा गरम असतानाच कापलात. दाताखाली रवाळ लागला तर तांदळाचं पीठ जाडं आहे. कालवून वीस मिनिटं तसंच ठेवलं की फरक पडतो. आणि पोळपाटावर थापू नका. घरात इतरांच्या पोळ्या होत असतील तर पोळपाट-लाटण्याच्या रेघांत कणीक असतेच.

पिठाबद्दल एक सांगायलाच हवं. कोपऱ्यावरच्या गिरणीतून ज्वारी दळून आणत असाल तर तिथे आधी कुणाचे गहू दळले गेले ते बघा. जात्याच्या पोटात उरलेलं पीठ पुढच्या दळणात येतंच, आधी मूठभर ज्वारी दळून फेकली तरी पूर्ण जात नाही. वाशीच्या बाजारातून ज्वारी सबंध घ्या, निवडा, धुवा, वाळवा आणि घरच्या वेगळ्या चक्कीत किंवा मिक्सरमध्ये दळा. तेवढा वेळ नसेल तर ग्लूटेन-फ्री छापलेलं बंद पाकीट. ज्या घरात सगळं सांभाळूनही डॉक्टरांनी सांगितलेल्या टीटीजी-आयजीए या सिलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीचा आकडा खाली येत नाही, तिथे गिरणी ही पहिल्या संशयितांतली एक असते.

वाढदिवसाला न्यायचं ते असं: गोठलेला बेस घरच्या बंद बुडाच्या ट्रेवर, वर फॉइल, सॉस आणि किसलेलं चीज दोन छोट्या डब्यांत. तिथे तुम्ही स्वतः टेबलावर सॉस-चीज पसरा, फॉइल सैलसर तंबूसारखं वर झाका आणि ट्रे आत द्या. २२० च्या आसपास आठ-दहा मिनिटं लागतात, शेवटची दोन फॉइल काढून चालतील. ओव्हन पट्ट्याचा असेल तर झाकणच राहू द्या, चीज सोनेरी होणार नाही पण वितळेल. मॅनेजर नाहीच म्हणाला तर घरी भाजून, फॉइलमध्ये गुंडाळून गरम पिशवीत न्या आणि निघायच्या आधी मुलीला थोडं खायला घाला, म्हणजे थंड झालेल्या पिझ्झ्यावर तिचं पोट अवलंबून राहणार नाही.

केकचं मैत्रिणीच्या आईला आत्ताच विचारून ठेवा. नेहमीचा असेल तर मुलीसाठी ग्लूटेन-फ्री तुकडा वेगळ्या डब्यात न्या, तिचा चमचा तिच्याजवळ ठेवा, आणि त्या केकची सुरी तिच्या ताटापर्यंत येऊ देऊ नका.